उलट्या पानाची भावकी

माझी चुलत बहीण शैला आमच्या घरी राहायला आली, त्यामुळे माझ्या ताटातलं काही कमी झालं नाही, हे आधी सांगून टाकते. मत्सर म्हटला की लोकांना वाटतं, कुणीतरी कुणाच्या तोंडचा घास काढला असणार. तसं काही नव्हतं. भात माझ्या वाट्याला तेवढाच यायचा, गोधडी तीच होती, आईने माझ्या वेणीला हात लावणं कधीच सोडून दिलं होतं. फरक पडला तो एवढाच की पूर्वी घरात काही नवीन विचारायचं ते मी विचारायचे, आणि आता ती विचारायला लागली. तिचे प्रश्न माझ्यापेक्षा चांगले असायचे. हे मला पहिल्या दिवशीच कळलं आणि ते मी आजवर तिला सांगितलेलं नाही.

काकाची मुंबईतली कंपनी बंद पडली, परळची खोली भाड्याने द्यावी लागली, काकी धाकट्याला घेऊन माहेरी गेली आणि शैला आमच्या वाट्याला आली. वीर स्टेशनला गाडीतून उतरून रिक्षाने महाड, महाडहून एसटीने पोलादपूर आणि पुढे आमच्या वाडीची चढण पायी. पडवीत टेकली तेव्हा घामाने निथळत होती. मी पाण्याचा तांब्या पुढे केला. तो हातात धरून, एक घोटही न घेता तिने विचारलं, "तुमच्या कुत्र्याला हे पाचवं बोट कशाला आहे गं? जमिनीला टेकतच नाही." मोत्याच्या अंगावरचे गोचीड रोज मीच काढायचे. त्याच्या पायाला आतल्या बाजूने, वर कुठेतरी लोंबणारं एक बोट आहे हे मी पाहिलं नव्हतं असं नाही, पण ते कशाला आहे असं काही मनात आलं नव्हतं. "असतं," मी म्हटलं. "पाणी पी."

त्या वर्षी आम्ही दोघी दहावीला होतो. शाळा पोलादपूरला. जाताना उतार, येताना चढ, आणि चढाला तिचं बोलणं जास्त. मी गप्प असायचे, कारण मला घरी जाऊन कामं होती. आमच्या घराची सगळी हालचाल मागच्या पडवीत चाले. तिथे चूल, तिथेच पाटा-वरवंटा, तिथेच पाण्याचे हंडे. सकाळी आईच्या बांगड्या आणि वरवंटा यांचा आवाज एका लयीत यायचा आणि वाटण बारीक होत आलं की लय बदलायची. त्यावरून अंथरुणात पडल्या पडल्या मला कळायचं की आता उठायला हवं. कांदा-खोबरं निखाऱ्यावर भाजल्याचा वास, तांदळाच्या भाकरीचा वाफेचा वास, आणि सणावाराला वड्यांचा. या पडवीत एक काम माझं होतं आणि मला त्याचा अभिमान होता. कोंबडा साफ करायचा तो मी. बाबा तो कापून आणून देत, पुढचं सगळं माझ्याकडे. पिसं काढायची, जाळावर धरून बारीक लव जाळायची, मग विळीवर बसून सांधे सोडवायचे. हाड फोडायचं नाही, सांधा शोधायचा आणि तिथेच पातं घालायचं, म्हणजे रश्श्यात हाडाचे कपचे येत नाहीत. भावकीतल्या बायका म्हणायच्या, "सुमीच्या हातचा कोंबडा बिनधास्त खावा, दातात काय येत नाय." तोवर दुसऱ्या कशासाठी मला असं कुणी नावाजलं नव्हतं, म्हणून ते वाक्य अजून लक्षात आहे.

आमच्या भावकीची एक खोड इथेच सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जेवायला केळीचं पान मांडतात तेव्हा त्याचा शेंडा जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला येतो, चटणी-लोणचं डावीकडे, भाजी-रस्सा उजवीकडे. सगळीकडे असंच. आमच्या वाडीत देवाचं पान उलटं मांडत. शेंडा उजवीकडे, आणि वाढणंही त्याच हिशेबाने उलटं. सांगायचे ते असं, की मूळ घरात कधीकाळी एक सून डावखुरी होती. तिला सुलटं मांडणं जमायचं नाही. तिची सून तिच्याकडून शिकली, त्या सुनेची सून तिच्याकडून. पुढे डावखुरं कुणी राहिलं नाही, पण पान उलटंच राहिलं. बाहेरून आलेल्या सुना माहेरून बरोबर शिकून यायच्या आणि आमच्या सासवा त्यांना ओरडून ओरडून चुकीचं शिकवायच्या. आजूबाजूच्या गावांत आमची चेष्टा व्हायची. "तुमचा देव पाठमोरा बसून जेवतो काय गो?" असं मला शाळेत पोरी विचारायच्या.

दहावीचा निकाल लागला. दोघीही चांगल्या पास झालो, शैला माझ्यापेक्षा थोडी वर. पोलादपूरच्या कॉलेजात तेव्हा आर्ट्सच होतं. सायन्सला जायचं तर महाडला, आणि महाडला राहायचं तर आत्याकडे. आत्याचं घर म्हणजे दुकानामागच्या दोन खोल्या. तिने निरोप धाडला, "एक पोर सांभाळीन. दोघींना निजवायला जागा नाय." झालं. घरात कुणी भांडलं नाही, पण त्या दिवसापासून मला प्रत्येक गोष्टीत तेच दिसायला लागलं. शैलाला आईने भाकरीबरोबर सुकटीची चटणी जास्त दिली, म्हणजे तीच जाणार. बाबांनी मला बैल सोडायला पाठवलं, म्हणजे मी इथेच राहणार. एका संध्याकाळी बाबा आईला सांगत होते ते मी ऐकलं. "भावानं विश्वासानं पोर धाडली. तिला ठेवून आपलीला पुढं काढली तर भावकी तोंडावर थुंकंल."

"आणि आपली?" आईने विचारलं.

"आपली हुशार हाय, कुठं पण करून खाईल."

करून खाईल! पुढे मी महाडला रक्त-लघवी तपासायची लॅब काढली, नवऱ्याच्या आजारपणात ती एकटीने चालवली, दोन मुलं शिकवली. म्हणजे बाबांचं म्हणणं खरंच ठरलं. पण त्या वयात मुलीला हुशार म्हणून मागे ठेवायचं आणि दुसरीला पाहुणी म्हणून पुढे पाठवायचं, हा न्याय मला पटला नाही. आजही पटत नाही.

आमच्याकडे पेरणी आटोपली की शेताच्या राखणदाराला कोंबडा द्यायचा असतो. त्याला राखण म्हणतात. आमच्या वाडीत भावकीची राखण एकत्र व्हायची आणि त्या वर्षी जेवण आमच्या घरी होतं. शिवाय पाहुणे येणार होते. घाटाच्या बाजूच्या एका कोंडावरचे, म्हणजे छोट्या वस्तीतले, दगडूबाबा म्हणून एक म्हातारे दोन-तीनदा येऊन गेले होते. त्यांचं म्हणणं, ते आमच्याच भावकीतले. फार पूर्वी काही तंटा होऊन त्यांचे पूर्वज इथून उठले, तिकडे जाऊन राहिले, आडनाव बदललं. आता त्यांना परत भावकीत घ्यावं, पुढच्या शिमग्याला त्यांच्या पोरांनी पालखीला खांदा द्यावा, एवढीच इच्छा. म्हाताऱ्याच्या दृष्टीने ही मरणाआधी उरकायची गोष्ट होती. भावकीतले वडीलधारे म्हणजे तात्या, बाबांचे चुलते. त्यांनी म्हाताऱ्याला मान देऊन, चहा पाजून प्रत्येक वेळी परत पाठवलं होतं. म्हातारा म्हणायचा, आमचं कुलदैवत तेच. तात्या म्हणायचे, ते अर्ध्या मुलखाचं हाय. म्हातारा म्हणायचा, आमचं देवक कळंबाचं झाड. तात्या म्हणायचे, ह्या खोऱ्यात दुसरं कुणाचं काय हाय? भावकीत घेणं म्हणजे साधं नाही. त्यांच्याकडे कुणी गेलं तर आपण सुतक पाळायचं, त्यांच्यात सोयरीक करायची नाही, देवापुढे त्यांचा मान. नुसतं सारखं आहे म्हणून कुणाला घेता येत नाही.

तर त्या सकाळी मी मागच्या पडवीत विळीवर बसले होते. शैला शेजारी कांदे सोलत होती, म्हणजे सोलायला बसली होती. मी पंखाचा सांधा सोडवला आणि तो परातीत टाकणार तोच तिने माझं मनगट धरलं. "थांब, थांब. सुमे, हे वाकवून दाखव." मी पंख ताणला, मिटला. तिने स्वतःचा हात बाजूला धरला. "हे बघ. दंडात एक हाड. पुढे दोन, एक जाड, एक बारीक. मग मनगटातले खडे. मग बोटं, ती चिकटलीत, पण आहेत. आणि हा अंगठा, हा एवढासा." विज्ञानाच्या पुस्तकात शेवटाकडे एक धडा होता. त्यात माणसाचा हात, वटवाघळाचा पंख, बैलाचा पुढचा पाय आणि देवमाशाचा पर, अशी चार चित्रं ओळीने होती. सरांनी तो धडा, परीक्षेला येत नाही, म्हणून एका तासात गुंडाळला होता. मी ती चित्रं पाठ केली होती, नावांसकट. आणि वर्षानुवर्षं तोच सांधा, तीच दोन हाडं, तोच अंगठ्याचा तुकडा माझ्या बोटांखालून जात होता. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कधी एकमेकींना भेटल्या नाहीत. तिने कोंबडा आयुष्यात पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिला आणि तिला ते दिसलं. विळी माझी, पंख माझ्या हातात, आणि दिसलं तिला! पातं घातलं असतं तिच्या बोटावर, असं वाटून गेलं. वाटून गेलं, एवढंच.

तिचं ओरडणं पुढच्या पडवीत गेलं. पुरुषमाणसं पाण्याच्या निमित्ताने डोकवायला लागली. तात्याही आले. शैलाने त्यांना पंख दाखवला, हात दाखवला, आणि मुंबईच्या मुलीला साजेशा बिनधास्तपणे सांगितलं, "तात्या, याचा अर्थ आपला आणि याचा खापर-खापर-खापरपणजोबा एकच. माणूस, कोंबडा, बैल, वटवाघूळ, सगळे एकाच घरातले. आमच्या पुस्तकात प्रूफ दिलंय."

पडवी हसायला लागली. बाबांचा एक चुलतभाऊ म्हणाला, "म्हंजे आज भावकीतलाच कापला काय रे?"

"मग सुतक पाळायला लागंल. जेवण कॅन्सल!"

"वडे तरी खावा, वडे भावकीतले नायत," आई चुलीपासून म्हणाली.

तात्या हसले नाहीत. ते खाली बसले, पंख हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "बाय, तुझं बघणं चांगलं हाय. पण हे बघ. आपल्या वाडीतली सगळी दारं एका सुतारानं केलीत. सगळ्यांना तीच चौकट, तीच कडी, तीच बिजागरी. म्हणून काय एक दार दुसऱ्या दाराचा भाव झाला? हात एकाचा म्हणून काम सारखं. देवानं पण एकच नमुना धरला असंल. सारखं दिसतं म्हणून भावकी होत नाय. तसं असतं तर मी त्या दगडूबाबाला कधीच घेतला असता."

शैलाने पंख परत हातात घेतला, ताणला, मिटला. ती पंखाकडे बघत राहिली, आणि मला बरं वाटलं. खूपच बरं वाटलं. मी दुसरा पंख सोडवला आणि मोठ्या आवाजात म्हटलं, "कांदे कोण सोलणार?"

दुपारी दगडूबाबा आले. बरोबर त्यांची थोरली सून, पारूवहिनी, तिच्या हातात तांदळाची पिशवी आणि नारळ. पाहुणे म्हणून त्यांची पंगत वेगळी बसणार होती, भावकीच्या ओळीत नाही, हे त्यांनाही माहीत होतं. म्हातारा पुढे बसला आणि सून मागे आमच्याकडे आली. शांत बाई. आल्या आल्या पदर खोचून म्हणाली, "काकी, काय करू सांगा. हातावर हात ठेवून नाय बसवत." आईचे दोन्ही हात वड्यांच्या पिठात होते. ती म्हणाली, "राखणदाराचं पान तेवढं मांड गो. भात झालाय, रस्सा सुमी देईल." मी रश्श्याची वाटी घेऊन वळले. पारूवहिनीने पान धुतलं, पुसलं, पाटापुढे ठेवलं. शेंडा उजवीकडे. मग चटणी उजवीकडे. मग माझ्या हातातली वाटी घेऊन तिने डावीकडे ठेवली. कुठे अडखळली नाही, आमच्याकडे बघून केलं असंही नाही, कारण बघायला दुसरं पानच मांडलेलं नव्हतं.

"आये," मी म्हटलं. "इकडं बघ. ह्यांनी पान उलटं मांडलंय."

पारूवहिनी एवढीशी झाली. "चुकलं काय? माफ करा हां, काकी. माझ्या माहेरी सुलटंच मांडतात, मला येतं तसं. पण सासरी सासूनं मारून मारून हेच शिकवलं. आता हात तसाच जातो. बदलते."

"हात लावू नको!" आई एवढ्या जोरात ओरडली की वडा तेलात पडून तेल उडालं. पिठाच्या हातांनीच ती पुढच्या पडवीकडे धावली. "तात्यानू! मागं या. आधी मागं या."

तात्या आले, मागून दगडूबाबा आले, मग सगळेच आले. तात्यांनी पानाकडे पाहिलं. मग पारूवहिनीला विचारलं, "तुमच्यात असंच मांडतात? सगळ्या घरांत?"

"व्हय."

"का?"

"नाय माहीत. आमच्या तिकडं लोक हसतात आम्हाला. पण सासू म्हणायची, आपल्यात असंच."

तात्या पानापुढे उकिडवे बसले. शेंड्यापासून वाटीपर्यंत सगळं पान एकदा नजरेखालून घातलं. मग दगडूबाबांकडे मान वळवून म्हणाले, "बाबा, कुलदैवत तुम्ही सांगितलंत, देवक सांगितलंत, ते सगळं बरोबर होतं. बरोबर गोष्ट कुणाकडं पण मिळते. ही चूक हाय. ही आमच्या घरातली चूक हाय. ही तुम्हाला दुसरीकडं कुठं मिळाली नसती." आणि उठून त्यांनी म्हाताऱ्याचा हात धरून त्याला भावकीच्या ओळीत बसवलं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग बाबांच्या त्याच चुलतभावाने, "रडू नका, आता सुतकं वाढली आमची," असं म्हणून सगळ्यांना हसवलं.

पाठीवर थाप मात्र मला पडली. "सुमीनं बघितलं! सुमीची नजर!" बाबा प्रत्येकाला सांगत होते. आयुष्यात पहिल्यांदा भावकीपुढे माझं नाव असं घेतलं जात होतं आणि मी ते पुरेपूर ऐकत उभी होते. तेवढ्यात शैला तात्यांपुढे जाऊन उभी राहिली. तिचा चेहरा मला आजही दिसतो. ताप आल्यासारखा लाल.

"तात्या, तुम्हीच उत्तर दिलंत. सुताराचं."

"कसलं उत्तर?"

"सुताराने सगळी दारं सारखी केली, मान्य. चांगली गोष्ट तो परत परत करील. पण चूक? बिनकामाची वस्तू? ती तो प्रत्येक दाराला कशाला बसवील? मोत्याच्या पायाला ते बोट आहे, जमिनीला टेकत नाही, काही कामाचं नाही. पण आपल्याला अंगठा असतो तिथेच ते आहे. आपल्या पाठीच्या टोकाला शेपटीचं हाड आहे आणि शेपूट नाही. थंडी वाजली की काटा येतो, मांजराचे केस फुगतात तसा, आणि आपल्याला फुगवायला केस कुठे आहेत? देवमाशाच्या पोटात मागच्या पायांची हाडं आहेत, पाय नाहीत. ही सगळी उलटी पानं आहेत, तात्या. डावखुरी कधीच मेली, पान राहिलं. अशी चूक नमुन्यातून येत नाही. घरातून येते."

तात्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "जेवा आता. मला विचार करू दे." कोंबड्याचा पंख त्यांच्या पानात वाढला होता, तो त्यांनी खाल्ला की नाही, हे मी मुद्दाम पाहिलं. खाल्ला. पण आधी हाडं बोटाने चाचपली.

आता या वयात, लॅबमध्ये दुपारची गर्दी ओसरली की मी मोबाइलवर असलं काहीबाही वाचते. त्यात कळलं की सी जीवनसत्त्व बकरी स्वतःच्या अंगात तयार करते, कोंबडाही करतो, आपण करू शकत नाही. त्याची कृती आपल्या पेशीत लिहिलेली आहे, पण मोडकी, वाचता न येण्यासारखी. माकडातही ती मोडकी आहे, आणि मोडली आहे ती आपल्यासारखीच, त्याच त्याच ठिकाणी. हे वाचलं तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं, तर शैलाने हे शाळेच्या वयात, कांद्याची सालं पायाशी पडलेली असताना सांगून टाकलं होतं. तिला पेशीतलं काही माहीत नव्हतं. मी पान पाहिलं होतं. पानापलीकडे काय आहे ते तिने पाहिलं. आणि लोक नाव माझं घेत होते, म्हणून मी तोंड मिटून होते. बोलायला माझ्याकडे काही नव्हतंही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी चहा घेता घेता सांगितलं, "सुमी जाईल महाडला."

आईने चमकून पाहिलं. "आणि भावजी?"

"त्याला मी बघतो. तात्या बोलले माझ्याशी. म्हणाले, तुझ्या पोरीनं भावकी जोडली, आता तिला घरात ठेवलीस तर लोक तुलाच हसतील." म्हणजे आदल्या आठवड्यात ज्या भावकीच्या भीतीने मी राहणार होते, तिच्याच भीतीने आता मी जाणार होते. मी नको म्हटलं नाही. शैलाला पाठवा, असंही म्हटलं नाही. मला जायचं होतं, जागा माझ्याकडे आली, मी घेतली. त्याबद्दल मला तेव्हा वाईट वाटलं नाही आणि आता वाटवून घेण्यात अर्थ नाही. शैलाचं नाव पोलादपूरला आर्ट्सला घातलं. पुढे ती मुंबईला परत गेली, डी.एड. केलं, प्राथमिक शाळेत शिक्षिका झाली. अजून रात्री-अपरात्री मला व्हॉट्सअ‍ॅपवर कसल्या कसल्या माशांच्या हाडांचे फोटो पाठवते आणि खाली लिहिते, हे बघितलंस का.

पण मी तेव्हाचं सांगत होते. मी निघाले त्या सकाळी तिने माझी पेटी डोक्यावर घेतली आणि उताराने पोलादपूरच्या स्टँडपर्यंत आणली. मी म्हटलं, मी घेते, तर म्हणे, तू पुढं चाल. सबंध वाटेत मी तिच्या तोंडाकडे बघत होते. काहीतरी असणार. असायलाच पाहिजे. मला जसं वर्षभर होत होतं, प्रत्येक घासाला, प्रत्येक शब्दाला, तसं थोडं तरी. स्टँडवर मला राहवलं नाही.

"शैले, खरं सांग. मी चाललेय आणि तू नाय. तुला काय वाटत नाय?"

"वाटतं ना," ती पेटी खाली ठेवत म्हणाली. "रात्री रडले पण. तुझ्या आईला माहितीये." मग लगेच माझा दंड पकडून, "पण ऐक. कॉलेजात माणसाचा सापळा असतो, खरा. काचेच्या कपाटात ठेवतात. तू जाशील तेव्हा एकदम खाली बघ, पाठीच्या शेवटाला. शेपटीचं हाड खरंच आहे का ते बघ. पुस्तकात नुसतं लिहिलंय, चित्र नव्हतं. बघशील?"

"बघीन."

"पहिल्याच दिवशी?"

"बघीन म्हटलं ना!"

सापळा होता. कपाटात नव्हता, प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात लोखंडी दांड्याला टांगलेला होता. पहिल्या दिवशी बाकीची मुलं कवटीपाशी उभी राहून खिदळत होती. मी त्यांच्या मागून गेले आणि फरशीवर गुडघे टेकून मागच्या बाजूने बघायला लागले. सर म्हणाले, "काय हरवलं का?" मी म्हटलं, नाही. माकडहाड होतं. बोटाच्या दोन पेरांएवढं, आत वळलेलं, मणके एकमेकांत जुळलेले, टोकाला निमुळतं. खरंच शेपटीसारखं होतं. मी ते बघत होते आणि मला राग येत होता, कारण तिने सांगितलं नसतं तर मी कवटीपाशीच उभी असते.

शनिवारी मी घरी निघाले. पोलादपूरला एसटी थांबली तेव्हा ती स्टँडवर उभी होती. कॉलेज सुटल्यावर चढ चढून घरी जाऊन, परत उतरून ती मला घ्यायला आली होती. मी पायरीवरून उतरायच्या आधीच तिने मान वर करून डोळ्यांनीच विचारलं.

"हाय," मी म्हटलं. "खरंच हाय. एवढंसं."

ती भर स्टँडवर टाळ्या पिटून हसली. लोक बघायला लागले. मी तिच्या चेहऱ्यावर माझ्यासारखा मत्सर शोधत राहिले, डोळ्यांत, ओठांच्या कडेला, कुठेतरी. पार वाडीपर्यंत शोधत गेले. ती फक्त विचारत होती, टोक कसं होतं, वळलेलं कुठल्या बाजूला, आणि मणके मोकळे होते की जुळलेले.